एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन निसर्गचित्रं: लायब्ररीतल्या तासाभराच्या व्याख्यानात काय घ्यावं, काय गाळावं?

वाचनमात्र (धागाकर्ता)

मंडळी, न्यू जर्सीतल्या एका पब्लिक लायब्ररीच्या हॉलमध्ये मराठी मंडळातर्फे वरच्या विषयावर बोलायचं आहे. शनिवारी दुपारी ३ ते ४, मराठीतून. माणसं चाळीसेक, त्यातले निम्मे मुलांकडे आलेले आईबाबा. प्रोजेक्टर लायब्ररीचा, ३००० ल्युमेन, फुल एचडी. पडदा साधारण तीन मीटर रुंद. हॉलची एक बाजू पूर्ण काचेची आहे आणि तिथले पडदे नावालाच आहेत.

सध्याचा आराखडा असा: कोल, ड्युरँड, केन्सेट, क्रॉप्सी, लेन, हीड, गिफर्ड, चर्च, बिअरस्टॅट, इनेस, मोरन. ११ चित्रकार, प्रत्येकाची ४ चित्रं, एकूण ४४ स्लाइड्स. बोलणं ४५ मिनिटं, उरलेला वेळ प्रश्नांना.

हे जमेल का? चित्रांच्या चांगल्या फाइल्स कुठून घ्याव्यात? आणि आपल्या लोकांना जवळचं वाटेल असा काही भारतीय धागा आहे का?

---

टर्पेंटाइन

नाही जमणार. चित्रामागे एक मिनिट पडतंय. नाव, साल, संग्रहालय सांगेपर्यंत पुढची स्लाइड येईल आणि विसाव्या मिनिटाला लोकांना सगळे डोंगर सारखे दिसायला लागतील. ही चित्रं सावकाश बघण्यासाठीच काढलेली आहेत, तेव्हा सात घ्या, आठवं नको:

कोलचं 'द ऑक्सबो' (१८३६), ड्युरँडचं 'किंड्रेड स्पिरिट्स' (१८४९), इनेसचं 'द लॅकावाना व्हॅली' (१८५६ च्या सुमाराचं), चर्चचं 'हार्ट ऑफ द अँडीज' (१८५९), गिफर्डचं 'अ गॉर्ज इन द माउंटन्स' (१८६२), बिअरस्टॅटचं 'द रॉकी माउंटन्स, लँडर्स पीक' (१८६३) आणि मोरनचं 'द ग्रँड कॅनियन ऑफ द यलोस्टोन' (१८७२).

वेळ सारखा वाटू नका. चर्चला बारा मिनिटं, ऑक्सबोला आठ, बाकीच्यांना चार-पाच.

ऑक्सबोने सुरुवात करायचं कारण असं की या सगळ्या प्रकाराची गोम त्या एका चित्रात कळते. मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट होलियोकवरून खाली कनेटिकट नदीचं वळण. डावीकडे वादळ, मोडका बुंधा, रान. उजवीकडे ऊन, आखीव शेतं, धूर निघणारी घरं. दोन्हींच्या मधोमध, अगदी खाली, टोपी घातलेला बोटभर माणूस चित्र काढत बसलाय आणि मान वळवून आपल्याकडे बघतोय. तो स्वतः कोल. शेजारी छत्री आणि पोर्टफोलिओ, सही त्या पोर्टफोलिओवर. श्रोत्यांना आधी सांगू नका, शोधू द्या. सापडायला वेळ लागतो आणि तेवढ्यात सगळं चित्र बघून होतं.

मग सांगा की हे 'तिथे बसून' काढलेलं नाही. बेसिल हॉल नावाच्या स्कॉटिश प्रवाशाने कॅमेरा लुसिडाच्या (समोरचं दृश्य कागदावर पडल्यासारखं दाखवणाऱ्या भिंगाच्या उपकरणाच्या) मदतीने याच जागेचं रेखाटन केलं होतं, ते १८२९ साली छापून आलं. कोलने ते ट्रेस करून ठेवलं होतं. नंतर जागेवर जाऊन पेन्सिलचं स्केच केलं आणि १९३ सेंमी रुंदीचं तैलचित्र स्टुडिओत रंगवलं. ज्याला लोक 'जसं दिसलं तसं' समजतात ते किती जुळवलेलं असतं, हा तुमच्या व्याख्यानाचा कणा करा. पुढची सहाही चित्रं त्याला आपोआप लागून येतात.

---

आळशी बोका

+१. सातच घ्या. जागा पकडून बसलोय.

---

उलटी भिंगरी

चित्रांचं टर्पेंटाइन यांनी सांगितलं, मी तांत्रिक बाजू घेते. बहुतेक कला-व्याख्यानं तिथेच मरतात.

फाइल्स: न्यू यॉर्कच्या मेट म्युझियमने २०१७ पासून स्वामित्वहक्क नसलेल्या कलाकृतींच्या प्रतिमा सीसी-झीरोखाली (परवानगी न मागता वापरा, असा परवाना) मोकळ्या केल्यात. ऑक्सबो, अँडीज, लँडर्स पीक आणि गिफर्ड, चारही मेटमध्येच आहेत. लॅकावाना वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत, त्यांचंही धोरण तसंच. चित्राच्या पानावर मोकळ्या वापराची खूण बघून तिथलीच मूळ फाइल उतरवा. गूगलच्या प्रतिमा-शोधातून उचलू नका. पोस्टर विकणाऱ्या दुकानांनी तिथे ऊन इतकं केशरी केलेलं असतं की चित्र ओळखू येत नाही.

आकार: अँडीज १६८ × ३०३ सेंमी आहे. रुंदीला उंचीने भागलं की १.८० येतं आणि तुमच्या १६:९ पडद्याचं गुणोत्तर १.७८. म्हणजे पडदा ३ मीटर ३ सेंमी रुंद मिळाला तर 'हार्ट ऑफ द अँडीज' जवळजवळ मूळ आकारात पडद्यावर बसतं! ही संधी सोडू नका. मग तेच माप सगळ्या चित्रांना लावा: स्लाइडची पूर्ण रुंदी म्हणजे ३०३ सेंमी. या हिशेबाने ऑक्सबो स्लाइडच्या ६४ टक्के रुंदीचं होईल. किंड्रेड स्पिरिट्स उभं आहे, ११२ सेंमी उंच. ते स्लाइडच्या ६६ टक्के उंचीत बसवा, बाकी काळं ठेवा. नाहीतर ते पडद्याची पूर्ण उंची खाऊन मूळच्या दीडपट होतं आणि अँडीज त्याच्यापुढे पाणी भरतं. लँडर्स पीक १८७ सेंमी उंच, पडदा १७० चा; तेवढं एक ९१ टक्क्यांवर आणावं लागेल, तसं तोंडाने सांगून टाका. मोरनचं तर ७ फूट बाय १२ फूट आहे, त्याचा नाद सोडा.

बारकावे: १९२० पिक्सेल ३०३ सेंमीवर पसरले की एक पिक्सेल दीड मिलिमीटरहून मोठा होतो. चर्चने झाडाची सालही बारीक ब्रशने रंगवलीय, ती यात दिसणारच नाही. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या तुकड्याची वेगळी स्लाइड हवी. पण मूळ फाइल ४००० पिक्सेल रुंद असेल तर सेंटिमीटरला १३ पिक्सेलच मिळतात. ३० सेंमीचा तुकडा कापला की हाती ४०० पिक्सेल, आणि पडद्यावर नुसता चिखल. एक मीटरपेक्षा लहान तुकडा कापायचा तर आधी फाइल किती मोठी आहे ते बघा.

पॉवरपॉइंट सेव्ह करताना प्रतिमा आपोआप दाबतो. फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन 'डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल' वर टिचकी मारा, आणि हे प्रतिमा टाकण्याआधी करा. फाइलचं कलर प्रोफाइल एसआरजीबी नसेल तर बदलून घ्या, नाहीतर हिरवे रंग मेलेले दिसतात.

प्रोजेक्टर 'व्हिविड' किंवा 'डायनॅमिक'वर असेल तर 'सिनेमा'वर आणा. कीस्टोनची बटणं दाबून चौकट सरळ करू नका, त्यात चित्र पुसट होतं. टेबल सरकवा, खाली पुस्तकं लावा, लायब्ररीच आहे. थ्रो रेशो (पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) दीड असेल तर तीन मीटर पडद्याला साडेचार मीटर अंतर लागतं; खुर्च्या त्या हिशेबाने मांडा.

आता खरं दुखणं म्हणजे तुमची काच. सिनेमा मोडमध्ये ३००० चे फार तर २००० ल्युमेन उरतात. पडदा सव्वापाच चौरस मीटर, म्हणजे पडद्यावर साधारण ३९० लक्स (दर चौरस मीटरला पडणारे ल्युमेन). काचेतून पडद्यावर १०० लक्स जरी आला तरी सगळ्यात पांढरा आणि सगळ्यात काळा यांत पाचाचाच फरक राहतो. बिअरस्टॅटचा अर्धा पुढचा भाग सावलीत आहे, तो राखाडी होऊन जाईल. पडद्यावरचा बाहेरचा उजेड २० लक्सच्या आत आला पाहिजे. फोनवरचं लक्समीटर ॲप अंदाजाला पुरतं. फोन पडद्याला पाठ लावून धरायचा. कार्यक्रम नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात असेल तर सूर्य पावणेपाचच्या आत मावळतो, एखाद्या वारी संध्याकाळची वेळ मागा. नाहीतर काचेला काळा जाड कागद.

---

फटफटी

बिअरस्टॅट गाळा. नाटकी माणूस. डोंगर दामटून उंच करायचा, खाली आरशासारखं पाणी, वर ढगांतून सर्चलाइट. एक पाहिलं की सगळी पाहिली. त्याऐवजी केन्सेटचं 'लेक जॉर्ज' (१८६९) घ्या, अर्धं चित्र नुसतं पाणी आणि हवा.

---

टर्पेंटाइन

फटफटीराव, नाटकी आहे म्हणूनच ठेवायचा. १८६४ च्या एप्रिलमध्ये न्यू यॉर्कला यादवी युद्धातल्या सैनिकांच्या औषधपाण्यासाठी मोठा मेळा भरला, मेट्रोपॉलिटन फेअर. त्याच्या चित्रदालनात चर्चचं अँडीज आणि बिअरस्टॅटचं लँडर्स पीक समोरासमोर टांगलं होतं. रुंदी ३०३ आणि ३०७ सेंमी! चर्चचं १० हजार डॉलरला गेलेलं, बिअरस्टॅटने पुढच्या वर्षी २५ हजार घेतले. ही जुगलबंदी सोडून काय सांगणार? स्लाइड्सही तशाच लागोपाठ लावा.

दोघांतला फरक पुढच्या कडेला बघायचा. चर्चच्या पुढच्या झुडपातलं पान न् पान वेगळं, वनस्पतीची जात ओळखावी इतकं. बिअरस्टॅटचा पुढचा भाग म्हणजे शोशोनी या मूलनिवासी लोकांची छावणी: घोडे, शिकार, तंबू. प्रत्येक गोष्ट नीट, पण सगळं रंगमंचावर मांडल्यासारखं. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या चित्रशाळेची तालीम आहे ती. १८५९ मध्ये तो लँडरच्या सर्वेक्षण-तुकडीबरोबर पश्चिमेला गेला, स्केचेस आणि फोटो घेऊन आला आणि शिखर न्यू यॉर्कच्या स्टुडिओत रचलं. लँडर १८६२ मध्ये युद्धकाळात वारला. शिखराला त्याचं नाव बिअरस्टॅटने दिलं. अशा वेळी ते चित्र 'पश्चिमेत अजून जागा आहे, चला' असं सांगत होतं हे श्रोत्यांना कळू द्या. केन्सेट सुंदर आहेच, पण त्याच्यासाठी अंधारी खोली आणि शांत माणसं लागतात. या हॉलमध्ये त्याचं पाणी आणि आभाळ एकच होईल.

---

फटफटी

किंमत ऐकून लोक जागे होतील हे मान्य. चित्र तरीही नाटकीच.

---

जुनी चौकट

अँडीजसाठी बारा मिनिटं दिलीत, त्यात ते कसं दाखवलं गेलं हे जरूर घ्या. एकच चित्र, तिकीट २५ सेंट, जागा न्यू यॉर्कची टेन्थ स्ट्रीट स्टुडिओ बिल्डिंग. तीन आठवड्यांत १२ हजारांहून जास्त माणसं. चौकट म्हणजे गडद अक्रोडी लाकडाची प्रचंड खिडकीच, दोन्ही बाजूंना पडदे. समोर बाकं. सोबत वाचायला पुस्तिका. ऑपेराची दुर्बीण आणा असं लोकांना सांगितलेलं. म्हणजे आधी खिडकीतून बाहेर बघितल्यासारखं अख्खं बघायचं, मग दुर्बिणीने कोपरा न् कोपरा.

कोपरे कोणते, ते सांगतो. डाव्या कडेला उजेडातला झाडाचा बुंधा, त्याच्या सालीत कोरल्यासारखी चर्चची सही. त्याच्या जरा उजवीकडे पायवाटेवर क्रूस आणि तिथे थांबलेली दोन माणसं. मध्ये पाण्याची धार, पलीकडे छोटं गाव, आणि वर डावीकडे अगदी मागे चिंबोराझो या ज्वालामुखी शिखराचं बर्फ. उष्ण दरीपासून हिमरेषेपर्यंतच्या सगळ्या पायऱ्या एकाच चौकटीत. ही जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हम्बोल्टची शिकवण. चर्च त्याचं वाचूनच १८५३ आणि १८५७ मध्ये दक्षिण अमेरिकेत गेला. चित्र बर्लिनला नेऊन हम्बोल्टला दाखवायचं मनात होतं, पण प्रदर्शन चालू असतानाच, ६ मे १८५९ ला, हम्बोल्ट गेला.

दुसरं म्हणजे ही चित्रं बनायची कशी. यावर कोणी बोलत नाही, आणि आईबाबा मंडळींना हेच आवडतं. गिफर्डची पद्धत चांगली नोंदलेली आहे, तीच घ्या. बाहेर फिरताना व्हिजिटिंग कार्डाएवढ्या तुकड्यावर पेन्सिलचं टिपण. मग तेलरंगात साधारण १२ × ८ इंचाचं स्केच. इथे रंग ठरतो. गरज वाटली तर त्याहून मोठं एक. मग मोठा कॅनव्हास. पांढऱ्यावर थेट काम करायचं नाही: बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून आधी सगळीकडे फासायचा, त्यावर पांढऱ्या खडूने रेखाटन. रंगाची सुरुवात क्षितिजालगतच्या आभाळापासून, कारण खालच्या प्रत्येक गोष्टीचा रंग त्या उजेडावर ठरतो. पहिल्या दिवशी उजाडल्यापासून मावळेपर्यंत सलग काम, कारण ओल्या रंगातच आभाळाच्या छटा एकमेकींत मिसळतात. रंग एकदा सुकला की सांधा दिसतो.

शेवटी वार्निशचे थर, एकावर एक. गिफर्डला ते संरक्षणापुरते नको होते. उजेड थरांतून आत जाऊन परत यावा आणि मधली हवा दिसावी यासाठी होते. 'अ गॉर्ज'मध्ये सूर्य समोर आहे आणि दरी धुक्याने नाही, उजेडाने भरलीय. ते काम या थरांचं. धोकाही तिथेच: पुढे कोणी पिवळं पडलेलं वार्निश काढायला गेलं आणि हात जड पडला तर चित्रकाराने मुद्दाम दिलेला थरही त्याबरोबर निघतो.

बाहेर तेलरंग नेणं सोपं झालं ते १८४१ नंतर. जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने लंडनमध्ये कथलाच्या दाबता येणाऱ्या ट्यूबचं पेटंट घेतलं. त्याआधी रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत मिळायचा. टोचून काढायचा, भोक खिळ्याने बुजवायचं, आणि तरी तो वाळायचा. हे सांगितलंत की खोलीत "ईऽऽ" होईल, पण लक्षात राहील. चर्चची अशी बाहेर काढलेली तेल-स्केचेस आणि रेखाटनं दोन हजारांवर आहेत, न्यू यॉर्कच्या कूपर ह्युइट संग्रहालयात. त्याच्या मुलाने १९१७ मध्ये दिली.

---

सातारी कंदी

वाचतेय. चित्रकलेची परीक्षा दिलेल्यांनाही वार्निशचं हे माहीत नसतं.

---

कोरा कागद

चांगला धागा. पण वरच्या यादीत एक पोकळी आहे, ती भरल्याशिवाय व्याख्यान गोडगोड होईल. या चित्रांतून काय पुसलंय ते सांगा.

कोलचं १८२६ चं 'फॉल्स ऑफ द काटरस्किल' घ्या. त्या वेळी कॅटस्किलमध्ये पर्यटन जोरात होतं, माउंटन हाउस हे हॉटेल १८२४ पासून चालू. धबधब्याच्या माथ्यावर कठडे होते, प्रेक्षकांसाठी मनोरा होता. कोलने ते सगळं काढून टाकलं आणि कड्यावर एकटा मूलनिवासी माणूस उभा केला. चारच वर्षांनी, १८३० मध्ये, इंडियन रिमूव्हल ॲक्ट आला. प्रत्यक्षात हाकलले जाणारे लोक चित्रात शोभेला उभे राहतात. लँडर्स पीकच्या छावणीकडेही याच नजरेने बघायला सांगा.

इनेसचं लॅकावाना याच्या उलट. रेल्वे कंपनीने काम दिलं, म्हणून गाडी, धूर, इंजिनांची गोल शेड सगळं आहे. पण पुढच्या अर्ध्या भागात काय? तोडलेल्या झाडांचे बुडखे. डझनावारी. एक मुलगा गवतावर पडून हे बघतोय. तो खूश आहे की हळहळतोय, हे इनेसने सांगितलेलं नाही. दोन मिनिटं त्या बुडख्यांच्या तुकड्यावर थांबा. (कंपनीला चित्राचं फार अप्रूप नसावं. अनेक वर्षांनी ते इनेसलाच मेक्सिको सिटीत जुन्या वस्तूंच्या दुकानात सापडलं.)

आणि रॉबर्ट डंकनसन हवाच. सिनसिनाटीचा कृष्णवर्णीय चित्रकार, १८२१ ते १८७२. 'ब्लू होल, लिटल मायामी रिव्हर' (१८५१) ही निवांत नदी, काठाला मासे धरणारी तीन माणसं. युद्धकाळात तो कॅनडात आणि मग ब्रिटनमध्ये जाऊन राहिला आणि तिथे त्याचं काम नावाजलं गेलं. सात ठेवायचीत तर मोरनच्या जागी हा.

---

उलटी भिंगरी

मोरन काढू नका हो, लोकांना यलोस्टोन माहीत असतं, बरेच जण जाऊन आलेले असतात. पण एक गोष्ट सरळ करून सांगा. 'मोरनचं भव्य चित्र बघून काँग्रेसने यलोस्टोन नॅशनल पार्क केलं' हे सगळीकडे छापलेलं असतं. तारखाच जुळत नाहीत. पार्कचा कायदा १ मार्च १८७२ ला सही झाला. मोठं चित्र त्यानंतर पूर्ण झालं आणि काँग्रेसने ते त्याच उन्हाळ्यात १० हजार डॉलरला घेतलं. कायद्याच्या आधी वॉशिंग्टनमध्ये फिरली ती १८७१ च्या हेडन सर्वेक्षणातली (यलोस्टोनची सरकारी पाहणी) मोरनची जलरंगातली छोटी चित्रं आणि विल्यम हेन्री जॅक्सनचे फोटो. फोटोंनी पटवलं की हे खरंच आहे, जलरंगांनी रंग दाखवले. म्हणून मोरनच्या स्लाइडवर मोठं चित्र नकोच, एक जलरंग आणि शेजारी जॅक्सनचा फोटो ठेवा. आकाराचा प्रश्नही मिटला.

गंमत म्हणून: कोल आणि मोरन दोघेही जन्माने इंग्लंडच्या बोल्टनचे, गिरण्यांच्या गावचे.

---

वाचनमात्र

भरभरून आभार. आठ चित्रं करतोय, डंकनसन आणि मोरन दोघंही (टर्पेंटाइन, रागावू नका). काटरस्किलचा धबधबा ऑक्सबोच्या आधी फक्त एक मिनिट. भारतीय धाग्याचं राहिलं. एकाने सुचवलं की आबालाल रहिमान यांची कोल्हापूरची निसर्गचित्रं शेजारी ठेवून तुलना करावी. शिवाय लायब्ररीच्या ग्रंथपालबाईंना विचारायचंय की लायब्ररीशी जोडणारं काही आहे का.

---

जुनी चौकट

आबालाल नको. मोठा चित्रकार, पण त्याचा या मंडळींशी काही संबंध नाही. शेजारी ठेवलं की लोक पंधरा मिनिटं 'आपलं किती छान' यावर बोलतील. त्याच्यावर वेगळा तास करा.

खरा धागा आहे तो लॉकवुड डी फॉरेस्ट. चर्चच्या हाताखाली शिकलेला निसर्गचित्रकार. १८८१ मध्ये लग्नानंतर भारतात आला आणि अहमदाबादेत मगनभाई हठीसिंग यांच्याबरोबर लाकडी कोरीवकामाचा कारखाना उभा केला. तिथलं सागवानी काम न्यू यॉर्कच्या श्रीमंत घरांत गेलं. हडसनकाठच्या चर्चच्या ओलाना या घरातही डी फॉरेस्टने करवून घेतलेलं कोरीवकाम आहे. एक स्लाइड, दोन मिनिटं, बस.

लायब्ररीचा धागा तर तुमच्या यादीतच आहे! किंड्रेड स्पिरिट्समध्ये कड्यावर उभे आहेत ते कोल आणि कवी ब्रायंट. कोल १८४८ मध्ये गेला, चित्र त्याच्या आठवणीसाठी केलं आणि ब्रायंटला भेट दिलं. ब्रायंटच्या मुलीने ते न्यू यॉर्क पब्लिक लायब्ररीला दिलं. लायब्ररीने २००५ मध्ये ते बंद लिफाफ्यांच्या लिलावात विकलं. मेट आणि नॅशनल गॅलरीने मिळून बोली लावली होती, ती कमी पडली. चित्र वॉलमार्ट घराण्यातल्या ॲलिस वॉल्टन यांनी घेतलं. तेव्हा छापून आलेला आकडा साडेतीन कोटी डॉलरच्या आसपासचा. आता ते अर्कान्सासमधल्या क्रिस्टल ब्रिजेस संग्रहालयात आहे. सार्वजनिक लायब्ररीने असं विकावं का, यावर प्रश्नोत्तरांची दहा मिनिटं सहज जातील. ग्रंथपालबाईंना आधी कल्पना देऊन ठेवा.

आणि हो, त्या चित्रात दिसणारी घळ आणि धबधबा प्रत्यक्षात एका जागेवरून दिसत नाहीत. तेही जुळवलेलंच.

---

कोरा कागद

कार्यक्रमानंतर सहल काढायची असेल तर कॅटस्किल गावातलं कोलचं घर आणि समोरच्या तीरावरचं ओलाना एकाच दिवसात होतं. मध्ये रिप व्हॅन विंकल पूल आहे आणि त्यावरून पायी जायची वाटही आहे. ऑक्सबो मात्र निराळ्या दिशेला आणि आता तसं नाही: १८४० च्या पुरात नदीने वळणाची मान तोडून सरळ वाट काढली. वरून आज महामार्गही दिसतो.

---

फटफटी

दुर्बिणी कुठून आणणार चाळीस? कागद वाटा. लेटर आकाराचा कागद लांबीकडून गुंडाळला की २८ सेंमीची नळी होते. तोंड ३ सेंमीचं ठेवा. चार मीटरवरून नळीतून साधारण ४३ सेंमीचा गोल दिसतो, म्हणजे अँडीजच्या रुंदीचा सातवा भाग. त्या काळीही काही जण नळ्याच लावत. हात दुखतात, दोन मिनिटांवर नेऊ नका. आणि नळीतून बघताना तुम्ही गप्प बसा, हे सगळ्यात अवघड.

---

सातारी कंदी

आणि मोरन पडद्यावर मावत नाही म्हणून सोडू नका. भिंतीवर निळ्या पेंटर्स टेपने ७ × १२ फुटांची चौकट आखून ठेवा. लोक आत शिरतानाच विचारतील हे काय.

---

वाचनमात्र

विचारलं. भिंतीवर टेप नाही म्हणाल्या, नुकताच रंग दिलाय. काचेवर चालेल. संध्याकाळची वेळ मिळत नाही, शनिवार दुपारच.

---

उलटी भिंगरी

मग काच तशीही झाकायचीच आहे. काळ्या क्राफ्ट कागदाचा ४८ इंची रोल घ्या, दोन पट्ट्या आडव्या, चार इंच एकमेकींवर चढवून, कडांना टेप. ७ फूट ८ इंच उंची होते. त्यावर पांढऱ्या मास्किंग टेपने मोरनची ७ × १२ फुटांची चौकट आखा; काळ्यावर निळी दिसणार नाही. कागद आदल्या संध्याकाळी लावू नका, रात्रीत काचेला दव धरलं की टेप सुटतो. सकाळी काच कोरड्या फडक्याने पुसून मगच. बाकीच्या काचेला पडदे ओढून घ्या आणि दोन वाजता फोनने पडद्यावर लक्स मोजा. ३० च्या वर आला तर बिअरस्टॅटची स्लाइड थोडी उजळ करून दुसरी प्रत तयार ठेवा, पण चर्चला हात लावू नका.